रेती पुरे झाली, नाना

प्रिय नाना,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण खोडत नाही. तुम्ही गेल्यानंतरची आज पहिली अक्षय्य तृतीया, आपली पितरांची आखाजी. तुमच्या नावाची घागर भरायला मी रावेरहून दोंडाईच्याला आले, आणि घागर मांडताना जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आईचा परसातला वाफा आठवतो? चार पावलांचा तुकडा, सगळी काळी चिकण माती. पावसात नुसता राडा, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. तिला तिथं भरताची वांगी हवी होती. दुसरं काही तिनं तुमच्याकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

शेतात वाफसा आल्याशिवाय तुम्ही औत घालू देत नव्हता. ओल जास्त नको, कमी नको, म्हणून मातीची मूठ वळून बघायचात. आणि घरामागं? पाऊस थांबला की लगेच चिखलात कुदळ, कारण तेव्हा ती सहज घुसते. वर सगळा वाफा तुडवायचात. ऊन पडलं की त्याची ढेकळं व्हायची आणि तुम्ही म्हणायचात, बाईच्या हाताला यश नाही. बायकोच्या मातीला वाफसा लागत नाही, हे कुठं शिकलात?

मग ती रेती. बांधकामातून उरलेली सगळी तुम्ही वाफ्यात ओतलीत, माती मोकळी होईल म्हणून. झाली उलट विटेसारखी. आईचं खुरपं वाकलं. चुकलं म्हणालात का? नाही. म्हणालात, आता तिथं कोबा करून टाकू.

सासरी मी बघत होते. घड कापल्यावर केळीच्या खांबांचे तुकडे करून शेणात कुजवतात आणि तसल्याच काळ्या मातीत घालतात. म्हटलं, दहा गोण्या पाठवते. तुम्ही ओट्यावरूनच सुनावलंत, "आंडेरना घरनं शेणबी माले चालाव नही." लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत, हे ऐकून होते. पण खत? ते काय तुम्ही खाणार होतात? आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "राहू दे वं माय, तेस्नं मन मोडू नको." तिचं मन रोज मोडत होतं, ते कुणी बघायचं?

तुम्ही गेल्यावर दसऱ्याला मी गोण्या आणल्या. वाफसा येईपर्यंत थांबले. खत मिसळलं, उंच गादीवाफे केले, वर पालापाचोळा अंथरला आणि कुणी मातीत पाय देऊ नये म्हणून मधे फरशा टाकल्या. या उन्हाळ्यात तिथं एक भेग नाही. वांगी लागलीत. पण आईला आता खाली बसता येत नाही, नाना. तिचे गुडघे गेले. ती खुर्चीवरून काठीनं दाखवते आणि वहिनी खुरपते. तुमच्या हट्टानं तिची धडधाकट वर्षं खाल्ली. हे मी माफ केलेलं नाही.

आज सकाळी घागर डुगडुगू नये म्हणून दादा खाली घालायला रेती आणायला निघाला. मी म्हटलं, रेती पुरे झाली. वाफ्यातली दोन ओंजळी माती आणली आणि तिच्यावर घागर टेकवली. आईनं त्यातली चिमूटभर घेतली, बोटांत चुरत राहिली. "माती कितली नरम व्हई गई. तेस्नी दखाले पाहिजे व्हती," म्हणाली आणि रडायला लागली. तुमच्यासाठी. मला तिचाही राग आला, आणि मग मीही रडले.

तर नाना, तुमची घागर आज लेकीच्या घरच्या खतावर उभी आहे. शब्द देते, दर दसऱ्याला गोण्या येतील आणि आई आहे तोवर त्या वाफ्यावर कोबा पडणार नाही.

एकदा ओट्यावरून "नही" म्हणा ना. फक्त या वेळी मी ऐकणार नाही.

तुमची रावेरची लेक,
सुमन