अर्थशास्त्राच्या एकुलत्या प्रतीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
कारागृह कार्यालय, नाशिक

विषय : अर्थशास्त्राचे पुस्तक दोन महिने अडवून ठेवल्याची कबुली, व बंदी पुंजा वाळू गांगुर्डे यांचा शिक्षण सोडण्याचा अर्ज नामंजूर होणेबाबत.
संदर्भ : सदर बंदी यांचा दि. १८ जुलै १९८३ चा अर्ज.

महोदय,

१. अर्जदार मोतीराम सहादू पगारे हा येथे पुस्तक-बांधणीचे काम करतो. यंदा तो बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बाहेरून बसला. त्याच बराकीतील पुंजा हेही बसले. शहरातील वाचनालयाकडून महिन्याला पुस्तकांची पत्र्याची पेटी येते. तीत अर्थशास्त्राची प्रत एकच आली. दोघांनी ती आठ-आठ दिवस आळीपाळीने वाचावी, असे ठरले होते.

२. बांधणीस घेतलेले पुस्तक तयार होईपर्यंत कोणी मागायचे नाही, असा येथील रिवाज आहे. पहिली पाळी अर्जदाराची होती. नवव्या दिवशी त्याने धडधाकट पुस्तकाच्या शिवणीचे दोन टाके स्वतः कापले, वहीत 'बांधणीस घेतले' असे लिहिले आणि परीक्षेपर्यंत ते एकट्याने वाचले. कुंपणानेच शेत खाल्ले. पुंजा दर रविवारी विचारायचे, "दादा, झालं का बांधून?" अर्जदार सांगायचा, "खळ वाळली नाय अजून." ऐन एप्रिलच्या उन्हात कणकेची खळ दोन महिने वाळत नव्हती! पुंजा लासलगावकडचे, कांदा किती दिवसांत वाळतो हे त्यांना पाठ. पण बांधणीतले आपल्याला काय कळते, असे म्हणून ते माघारी जायचे.

३. अर्जदार पास झाला. त्याला शाबासकी व शिक्षेत तीस दिवसांची माफी मिळाली. पुंजा अर्थशास्त्रात सात गुणांनी नापास झाले. तरी त्यांनीच गुळाचा खडा आणून अर्जदाराचे तोंड गोड केले व म्हणाले, "तुम्हाला डोकं हाय, दादा. मला नाय. लय झालं शिक्षण." दुसऱ्या दिवशी त्यांनी संदर्भातील अर्ज दिला. कोर्टात अर्जदाराने आपला गुन्हा शेवटपर्यंत नाकबूल केला होता. हा मात्र कबूल आहे. त्याला स्वतःची लाज वाटते.

४. येथून अक्षर बदलले आहे, त्याचा खुलासा. बराकीतील सर्वांचे अर्ज पुंजाच लिहून देतात. तोंडावर सांगण्याची छाती नसल्याने अर्जदाराने हाही त्यांनाच सांगून लिहविला. वरील ओळीपर्यंत त्यांनी एकही शब्द न गाळता लिहिले. मग पेन खाली ठेवले. अर्जदाराला वाटले, आता शिवी येईल. त्यांनी एवढेच विचारले, "म्हंजी माझं डोकं बरं हाय?" अर्जदार 'हो' म्हणाला. ते उठून नळावर गेले, अजून आलेले नाहीत.

५. तरी वाचनालयास पत्र लिहून दुसरी प्रत मागवावी. नेमलेली पुस्तके परीक्षा होईपर्यंत बांधणीस घेऊ नयेत. अर्जदारास वर्षभर पुस्तक देऊ नये. त्याचे माफीचे तीस दिवस पुंजा यांच्या खाती घालावेत. नियमात बसत नसल्यास, नियमात बसेल ती शिक्षा द्यावी. पुंजा यांचा अर्ज मात्र मंजूर करू नये. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर साहेबांनी त्यांना समक्ष द्यावे. अर्जदाराच्या 'हो'वर त्यांनी आता का विश्वास ठेवावा?

आपला अपराधी व नम्र,
मोतीराम सहादू पगारे
नाशिक, दि. २१ जुलै १९८३

सोबत : सदर पुस्तक, प्रत एक. खळ पहिल्याच दिवशी वाळली होती.