राइनर सरांचा गुडघा

ब्रॅकनेल, नोव्हेंबर २००६

दादा,

"पैसे नकोत, तू ये," हेच फोनवर किती वेळा ऐकवशील? तीन वर्षांत चार नोकऱ्या सोडल्या म्हणून हसतोस, पण ही मी धरून ठेवलीय. इथल्या फुटबॉल क्लबात खेळाडूंचे चिखलाचे कपडे धुतो. कोच राइनर सर जर्मन आहेत. तुझ्यासारखेच डिफेंडर होते. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला, मग कोच झाले. जिना उतरताना तुझ्यासारखाच कठडा धरतात.

काल बूट पुसता पुसता मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "सर, गुडघा कुणी मोडला?"

"आमच्याच टीममधल्यानं. सरावात, चुकून."

"राग गेला?"

"गुडघ्याचा केव्हाच गेला. तो एकदाही भेटायला आला नाही, त्याचा नाही गेला."

दादा, आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमच्या सरावात तुझ्या गुडघ्यावर मीच आदळलो होतो. तू तालमीत सगळ्यांना सांगितलंस, खड्ड्यात पाय गेला. खरं कळलं असतं तर पेठेतल्या टीमवेड्या लोकांनी मला सोडलं नसतं. आणि मी? दवाखान्यात न येता मुंबई गाठली, मग हे गाव.

तालमीतल्या पोरांना शिकव की आता. राइनर सर खुर्चीत बसून ओरडतात, तुझा आवाज काय कमी आहे व्हय?

तुझा,
धैर्या

ता. क. हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं गादीखालीच जाणार. आज घरी यायचं तिकीट काढायला गेलो आणि दुकानाच्या दारातनं परत फिरलो. तिकिटासाठी साठवलेले पैसे उद्या तुला पाठवतोय, साडेचारशे पौंड.