विचलन, उदाहरण तिसरे

सोमवार, १७ मार्च २००३. सकाळी ११.४०.

वेळ लिहून ठेवते, नंतर कुणी नाकारायला नको. हंबीरराव सरांनी समाजशास्त्राच्या छापील नोट्स वाटल्या. प्रकरण सहा — सामाजिक विचलन. व्याख्या ठीक : समाजमान्य नियमांपासून दूर जाणारे वर्तन. मग उदाहरणे! एक, चोरी. दोन, दारूचे व्यसन. तीन, लग्न न करणारी स्त्री.

बाहेरून बी.ए. करणाऱ्यांच्या या वर्गात साठीची मी एकटीच. बिनलग्नाचीही. उठले.

"सर, टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं इमानानं काढली. चोरांच्या रांगेत मला कधी बसवलंत?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नका. पेपरात हेच लिहा, मार्क पडतात."

मार्क पडतात! म्हणजे कॉन्व्हेंटात मला शिकवणाऱ्या झाडून सगळ्या सिस्टर — उदाहरण तीन!

१८ मार्च

सरांना पत्र दिलं. माफी मागा, पान बदला. त्यांनी घडी करून खिशात घातलं. वाचलं नाही.

२१ मार्च

रूपालीबरोबर उजळणी. नेसरीची पोर, माझ्याच वर्गात, माझ्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. बोलते कमी, वाचते फार.

"अर्पित दर्जा?"

"जन्मानं मिळतो. मुलगी."

"अर्जित?"

"मिळवावा लागतो. पदवीधर." मग हळूच, "अजून मिळाला न्हाय की, मॅडम."

२७ मार्च

तिचा भाऊ संग्राम आला. जयसिंगपूरचं स्थळ आहे, मे महिन्यात बार उडवायचा म्हणे. ती म्हणाली, बी.ए. झाल्याशिवाय लग्न नाही. त्यानं टेबलावरच्या नोट्स उचलल्या, पान उलटलं — आणि काय सापडावं!

"आता बोल की! छापलंय हितं! चोर, दारुडा, आन् तू!"

"आणि मी," म्हटलं. "चहा घेणार?"

ओशाळला. "तुमचं न्हाय वो मॅडम. तुमी येगळ्या."

"वेगळी म्हणूनच तर छापलंय!"

चहा न घेताच निघाला. जाताना आई आजारी आहे असं सांगून रूपालीला घेऊन गेला. पेपर नऊ एप्रिलला. ती पुस्तकं घ्यायला वळली तर म्हणाला, "ऱ्हाऊ देत."

३१ मार्च

सामाजिक नियंत्रण, अनौपचारिक : कुटुंब, शेजार, लोकनिंदा. पाठ व्हायला वेळ लागला नाही.

२ एप्रिल

हॉल तिकिटं आली. माझं घेतलं, रूपालीचं मागितलं. ऑफिसातल्या शालूबाई म्हणाल्या, "ते व्हय? भाऊ घिऊन गेला की काल."

"दिलंत कसं? परीक्षा त्याची आहे का?"

"घरचाच हाय न्हवं!"

सरांकडे गेले. ते म्हणाले, "भाऊच आहे हो, बाई. तुम्ही का रक्त आटवता?"

रक्त आटत नाही. उकळतंय. संध्याकाळी नेसरीला फोन लावला. संग्रामनं उचलला, माझा आवाज ऐकला, ठेवला. टेलिफोनवालीचा फोन ठेवतो!

शुक्रवार, ४ एप्रिल

रूपाली आली. पहिल्या एसटीनं, एकटी, पायात घरातल्या स्लिपर. मागच्या खोलीत मोठ्यानं पाठ करत बसलीय. हॉल तिकीट भावाच्या ट्रंकेत.

सरांना नवं पत्र लिहिलं. ‘माझी माफी मागा’ हे कलम काढून टाकलं. मागणी एकच — दुसरं हॉल तिकीट, तिच्या सहीनं, तिच्या हातात. लेखी उत्तर उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाचच्या आत. खाली सह्या दोन. पहिली तिची.