टाकळ्याचा पाला

बेळगाव, १८ ऑगस्ट १९४६

आप्पा, तुम्ही गेल्याला वीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. चुकलंच. आज लिहितोय तेही रागाने, हे आधीच सांगतो.

मी कॉलेजला निघालो त्या पावसाळ्यात तुम्ही मला निपाणीबाहेरच्या माळावर नेलंत. तंबाखू कापताना कुणाचा हात चिघळला की लोक तुमच्याकडेच यायचे, आणि तुमच्या लेपात काय असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही वाकून टाकळा उपटलात, माझ्या तळहातावर चुरगाळलात. "हेच ते. कुणाला बोलायचं न्हाय. आक्काला बी न्हाय." मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं! सख्ख्या बहिणीपासून मी ते इतकी वर्षं लपवलं, आणि त्याची टोचणीही सोसली.

आता मी कॅम्पातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत असतो. जखमांवरची देशी औषधं तपासायचं ठरलं तेव्हा मीच पुढे होऊन तुमचा लेप सुचवला. काचेच्या बशीत पुवातले जंतू वाढवायचे आणि मधोमध रस घालायचा. रस लागू पडला तर भोवती स्वच्छ कडं उमटतं. टाकळ्याचा ताजा रस घातला, उकळून घातला, स्पिरिटमध्ये मुरवून घातला. दर वेळी सकाळी बशी बघतो, तर जंतू रसाच्या काठापर्यंत दाटलेले. डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, "तुमचे वडील नशीबवान. जखमा आपोआप भरत होत्या." मी अहवालात लिहिलं, औषध निरुपयोगी. खाली सही केली. आपण बापाला खोटं ठरवतोय, हे सही करताना मला पुरतं कळत होतं.

ते सांगायला काल संकेश्वरला आक्काकडे गेलो. ती भाकरी थापत होती. ऐकून एवढी हसली की हातातली भाकरी मोडली.

"टाकळा? अरं, तो नुसता वरनं घालायचा, लोकास्नी कळू नये म्हणून! औषध सालीत हुतं. लगीन हुईस्तवर मीच कुटत हुतो की चुलीम्होरं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"आप्पा म्हनायचे, ह्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाय, लगेच कागदावर उतरवतोय."

तिने थोडी साल पुडीत बांधून दिली. झाडाचं नाव सांगितलं नाही. वासावरून मी ओळखलं, पण इथे लिहीत नाही.

परक्यांना चकवायला जो पाला, तोच तुम्ही पोटच्या पोराच्या हातावर ठेवलात, आप्पा, आणि वर गुप्ततेचं वचनही घेतलंत. ही साल तरी लागू पडेल का, मला माहीत नाही. मात्र मी तपासलं ते तुमचं औषध नव्हतं, एवढं खरं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील वहीतच. एक कबूल करतो. माळावरून परत आलो त्याच संध्याकाळी मी वहीत 'टाकळा' असं लिहिलं होतं, आणि शेजारी पानाचं चित्रही काढलं होतं.

उद्या: साहेबांकडून अहवाल परत मागून घेणे.