सखूला काम दे

जामबाग, हैदराबाद
२ फेब्रुवारी १९५८

प्रिय दौलत,

सप्रेम जयभीम. हिम्मतरावांच्या नांदेडच्या नव्या विडी कारखान्यात तू मुनीम झालास, हे तुझ्या आईकडून कळलं. तुझं बस्तान बसलं, बरं झालं. त्यांचा इथला कारखाना कसा बंद पडला ते तू मालकाच्या तोंडून ऐकलं असशील. आता माझ्याकडूनही ऐक.

किमान वेतनाच्या सुनावणीत युनियनचा सेक्रेटरी म्हणून मी बोललो. बाया दिवसभर मान मोडून विड्या वळतात, छाट म्हणून खराब विड्या बाजूला काढल्यावर जे हातात पडतं त्यात दोन वेळची ज्वारी भागत नाही, एवढंच सांगितलं. हजारामागे चार आणे वाढवून मागितले. हिम्मतरावांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "संभाजी, तुझं खोटं नाही. पण हैदराबाद राज्य फुटलंय. पलीकडे नांदेडला हा दर कोणी देत नाही. तिकडची विडी स्वस्त मिळाली तर माझी कोण घेईल? मलाही तिकडंच जावं लागेल." मी सगळ्यांसमोर म्हणालो, मालक लोक दरवेळी हीच धमकी देतात. मागे बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, त्या टाळ्यांनी मला फार बरं वाटलं.

दर मंजूर झाला. आबिड्सपर्यंत मिरवणूक काढली. महिना-सव्वा महिन्यात पानांची पोती लॉरीत चढली आणि दाराला कुलूप लागलं. मी सरकारी कचेरीत गेलो. साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, कारखाना चालू असेल तर दर द्यायला लावू, पण चालवायलाच हवा असं कसं सांगणार? परत आलो तर साठ बाया फाटकाशी उभ्या. म्हातारी चतुराबाई हळूच म्हणाली, "दर चांगलाय रे बाबा. देणारा कुठंय?" शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

मागणी चूक होती असं मला आजही वाटत नाही. दोन्हीकडे एकच दर हवा होता, आणि तो आधी मागायला हवा होता. राज्याची वाटणी झाली तेव्हा आम्ही कुठलं गाव कुठे गेलं एवढंच बघत बसलो. आता मी आबिड्सला हमाली करतो. रोज काम मिळतंच असं नाही.

लिहायचं कारण आता सांगतो. पुढच्या सोमवारी सखू आमच्या पोरीला घेऊन नांदेडला तिच्या भावाकडे येतेय. तिला विड्या वळायला घे, तिथे जो दर असेल त्या दराने. कमी दराच्या पानाला हात लावायचा नाही, अशी शपथ मीच सगळ्या बायांना घातली होती. सखू त्यांच्यात पहिली उभी राहिली होती. काल मीच तिला जा म्हणालो. हिम्मतरावांनी विचारलं तर ती कोणाची बायको ते सांगू नकोस. तिलाही मी तेच बजावलंय.

तुझाच,
संभाजी