फुकटची साठीशांत

देवास, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८३१

चिरंजीव दत्तोपंत यांस तात्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुमच्या वहिनीचा खोकला उतरला आहे. तुमचे टपाल कचेरीतूनच तुमच्या हाती येते, म्हणून हे पत्र शेजारच्या जानकीबाईंबरोबर धाडतो. त्या माहेरी धारला निघाल्या आहेत.

आपण जुने कारकून. सरदार उदाजीरावांच्या जहागिरीत तुम्ही धारच्या कचेरीत आणि मी देवासच्या कचेरीत जन्म काढला. आता आपल्याला कामावरून नव्हे, पांढऱ्या केसांवरून जोखतात. हे गाऱ्हाणे माझे एकट्याचे नाही.

तुम्ही लिहिता, नवे कारभारी उमाशंकर दत्तजयंतीला तुम्हा नऊ जणांची साठीशांत जहागिरीच्या खर्चाने करणार, शालजोडी देणार. तुम्हाला धन्य वाटले. पण तुम्ही तर चोपन्नाचे! त्यावर गुरुजी म्हणाले म्हणे, पुण्यकर्म आधी उरकले तर दोष नाही. दत्तोपंत, हेच वाक्य, शब्दाला शब्द, आमचे गुरुजीही बोलले होते. दोन गावांचे दोन ब्राह्मण एकच वाक्य बोलतात, तेव्हा ते पोथीतले नसते. कुणीतरी पढवलेले असते. आणि कारभाऱ्यांचे सासरे पासष्टीचे असून कचेरीत गादीवर बसतात, त्यांच्यासाठी कुणी पाट का मांडला नाही?

आमच्याकडे कार्तिकात काय झाले ते ऐका. कारभारी स्वतः घरी आले. ‘आप तो म्हारा बाप बरोबर हो, तात्यासाब,’ म्हणत पाया पडले. ते गेल्यावर तुमची वहिनी म्हणाली, ‘ज्याने कधी सुपारी दिली नाही तो शालजोडी देतोय. जरा जपून.’ मी म्हटले, ‘तुला सगळ्यातच काळे दिसते.’

आम्हा सात जणांना पाटावर बसायचे होते. संकल्पात गुरुजी एकेकाचे नाव, गोत्र आणि साठ वर्षे पूर्ण झाल्याचे मोठ्याने म्हणत होते, आणि खांबाशी बसून कचेरीचा एक माणूस ते उतरवून घेत होता. कृष्णराव बिचकले. ‘अहो, मी छप्पन्नाचा आहे,’ म्हणाले. तेव्हा एका व्याख्यात्याने उठून धन्याच्या औदार्यावर असे काही भाषण ठोकले, की कृष्णराव ओशाळून बसले.

आठव्या दिवशी हुकूम आला. साठी पूर्ण झालेल्यांनी विश्रांती घ्यावी. पुरावा काय? त्यांनी स्वतः देवाब्राह्मणांसमक्ष कबूल केले आहे!

काम चुकले असेल तर चूक दाखवा, आम्ही मान खाली घालू. नजर गेली असेल तर कागद पुढे टाका, आम्ही वाचून दाखवू. पण चूक सापडत नाही म्हणून वय शोधायचे, आणि तेही न भरलेले वय आमच्याच तोंडून भरून घ्यायचे, हा कुठला न्याय? परवा तिरला गावच्या शिवेचा जुना मोडी कागद नव्या मंडळींतल्या एकालाही लागेना. मला बोलावणे आले. म्हातारा नोकरीला चालत नाही, वाचून द्यायला चालतो. आणि मी गेलो, वाचून दिला. तीस वर्षांची सवय.

तो व्याख्याता कोण, असे तुम्ही विचारणारच. हे मी वरच लिहायला हवे होते. तो मी.

भाषणाआधी उमाशंकर माझ्या कानाशी लागले होते. ‘दो शब्द बोल दो, भिया. तमारे कुण छोड़े!’ तुम्हाला कामावरून कोण सोडणार, याचा अर्थ दुसऱ्या कुणाला तरी काढणार आहेत. हे मला त्या क्षणी उमगले होते, दत्तोपंत. मी फसलो नाही. मी तेवढा बचावेन असे मला वाटले. गणेशोत्सवात न्यायावर दोन-दोन तास बोलणारा मी! कृष्णराव आता मला पाहून गल्ली बदलतात.

माझ्यावर विश्वास ठेवा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्यावरही संशय घ्या. कारभाऱ्यांचे उपकार मानायला तुमच्यातूनही कुणी गोड बोलणारा उठेल, त्याच्यावर तर जरूर घ्या.

एवढेच करा. पौर्णिमेच्या आधी तुमच्याबरोबरच्या त्या आठही जणांना आपल्या घरी बोलवा आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवा. माझे नाव गाळू नका.

कृष्णरावांचा अपराधी,
तात्या