तिसावे नाव

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा पाण्याच्या मोटारी व पंप दुरुस्त करण्याचा, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही, असे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पण सहीला ते लागत नाही. आज मला कोणी धमकावलेले नाही की फितवलेले नाही. पाच वर्षांपूर्वी मात्र फितवले होते. त्या वेळी मी लिहून दिलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. ते गावच्या युवा विकास केंद्राच्या अध्यक्षांनी आपल्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहे. आता त्यांनी ते खुशाल बाहेर काढावे. पिशवी तरी कामाला येईल.

कलम पहिले. वडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा धाकट्या भावाला. तसा तो त्याने घेतलेलाच आहे. मधली भिंत दर दोन-तीन वर्षांनी दुरुस्तीला काढायची आणि पुन्हा बांधताना वीतभर माझ्या बाजूला सरकवायची, हा उद्योग त्याने अठरा वर्षे नेटाने केला. माझ्या बाजूला आता एक खाट कशीबशी मावते. तेवढी जागा मी त्याला राजीखुशीने देत आहे. भिंत आता पाडून टाकावी, उगाच गवंड्याला त्रास नको.

कलम दुसरे. पोस्टातली शिल्लक धाकट्या बहिणीला. नवरा गेल्यापासून ती शिवणकाम करून राहिली, माझ्यापुढे कधी हात पसरला नाही. तिच्या पायमशीनला मी जी छोटी मोटार बसवून दिली आहे, तिचे बेअरिंग वाजायला लागले आहे. ते मी जाण्यापूर्वी बदलून देईनच. राहिलेच, तर तिची मुलगी बदलेल. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, हे काम माझ्याहून चांगले येते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

कलम तिसरे. युवा विकास केंद्राला काहीही नाही. ‘काहीही’ या शब्दात सतरंजी, स्टूल, जुने पाने आणि भंगारातली तारही येते. याचे कारण नुसते रागाने लिहून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी शहरातून एक प्रकल्पसाहेब आले. अंगात पुष्कळ खिशांचे जाकीट, आणि एकाही खिशात पेन नाही, सहीला माझेच घेतले. ग्रामीण भागातली मुले वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून मोठी योजना आली आहे, असे त्यांनी सांगितले. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. त्या वेळी गावात खरोखर अकरा पोरे उनाडक्या करत होती. फाट्यावर बसायची, पत्ते कुटायची, दोघा-तिघांना बाटलीची सवय लागली होती. त्यांना कोणी हाताला धरून कामाला लावले असते, तर आम्ही सगळे त्याच्या पाया पडलो असतो.

पण अर्जावर छापले होते, ‘किमान तीस.’ तीसपेक्षा कमी मुले बिघडलेली असतील, तर गाव योजनेत बसत नव्हते. अकराच पोरे बिघडली म्हणून आनंद व्हायला हवा होता. आमच्या समितीची मात्र तोंडे पडली. समितीत मी होतो, खताचे दुकानदार अध्यक्ष होते, शाळेचे मास्तर होते आणि आणखी चौघे केवळ मान हलवायला होते.

अध्यक्ष म्हणाले, “अहो, एकोणीस नावांचा तर प्रश्न आहे. आपापल्या ओळखीतली घाला. नाव घातल्यानं काय पोर चोर होतं का?”

मास्तर उठले. “मी मुलांची हजेरी लिहितो, भविष्य नाही,” असे म्हणून चप्पल घालून निघून गेले. आम्ही मास्तरांना हसलो. मीही हसलो, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग नावे पडत गेली. ज्याचा बाप उलट बोलतो त्याचा मुलगा, ज्याच्या घराचा बांध अध्यक्षांच्या बांधाला लागून आहे त्याचे दोन मुलगे, एक तोतरा, एक नुसताच काळजीत असल्यासारखा दिसणारा. अध्यक्षांच्या चिरंजीवांनी त्याच वर्षी शाळेच्या मोटारीच्या खोलीचे कुलूप फोडून स्टार्टर विकला होता. मीच तो भंगारवाल्याकडून परत आणून बसवला होता. चिरंजीवांचे नाव कोणी घेतले नाही. हल्ली ते केंद्रात युवा मार्गदर्शक आहेत.

यादी झाली आणि प्रकल्पसाहेबांनी ती ‘पारदर्शकतेसाठी’ केंद्राच्या दाराबाहेर लावायला सांगितली. वरती ठळक अक्षरांत मथळा होता : गुन्हेगारीकडे वळण्याची शक्यता असलेले युवक-युवती. पावसाने खराब होऊ नये म्हणून ती लॅमिनेट करून आणली. त्या केंद्राने नऊ वर्षांत दुसरा कुठलाही कागद लॅमिनेट केलेला नाही.

कार्यक्रम काय झाले तेही सांगतो. टी-शर्ट वाटले, सगळे एकाच मापाचे. व्यसनमुक्तीवर भाषण झाले, वक्ते मध्येच दोनदा बाहेर जाऊन सिगारेट ओढून आले. वृक्षारोपण झाले. तीस मुलांचे तीस फोटो निघाले आणि रोप एकच होते, ते हातोहात फिरवले. पुस्तकांचे कपाट आले, त्याची किल्ली अध्यक्षांकडे राहिली. कॅरम आला, त्याचा स्ट्रायकर दुसऱ्याच दिवशी हरवला. पोरे त्या जागी बाटलीचे बूच वापरायची. बाटल्या अजून मिळत होत्या, एवढे त्यावरून समजावे.

आणि यादी तिचे काम करत राहिली. कुठे मोटारीची केबल चोरीला गेली की पोलीस आधी केंद्राच्या दाराशी जीप थांबवायचे आणि यादी वाचून घरोघरी जायचे. दुकानदार त्या तीस जणांना उधार देईनात, ट्रकवाले क्लीनर म्हणून घेईनात. तोतऱ्या मुलाला चौकीत तीनदा बसवले. प्रश्न विचारायचे आणि उत्तर लवकर येत नाही म्हणून संशय घ्यायचे. खरा केबलचोर चार वर्षांनी सापडला, तो सत्तावन्न वर्षांचा निघाला. युवक म्हणून तो कुठल्याच यादीत बसला नसता.

कलम चौथे. अध्यक्षांना माझा एक सल्ला मृत्युपत्राने देत आहे, कारण जिवंतपणी दिलेला त्यांनी अकरा वेळा ऐकला नाही. विहिरीत पाणी आहे की नाही हे वाकून बघावे आणि मगच मोटार चालू करावी. प्रत्येक उन्हाळ्यात जळकी मोटार आणून “कंपनीचाच माल खराब” म्हणायचे थांबवावे.

याच अध्यक्षांनी पाच वर्षांपूर्वी माझ्या दुकानात बसून मला सांगितले, “तुम्हाला ना मूल ना बाळ. दुकान केंद्राला द्या. इथं कौशल्य भवन उभं करू, वरती तुमचं नाव सिमेंटच्या अक्षरांत.” अक्षरे केवढी असतील, हे त्यांनी हाताने करून दाखवले. मी ती बघितली आणि सही केली. माणूस चापलुसीला किती स्वस्तात विकला जातो, हे मी दुसऱ्यांना बघून शिकलो होतो. त्या दिवशी स्वतःकडे बघून शिकलो.

कलम पाचवे. हे कलम लिहायला मी तीन वर्षे टाळले. दुकान केंद्राकडून काढून घ्यायचे तर कारण लिहावे लागणार, आणि कारण लिहायचे तर यादीतल्या शेवटच्या नावाशी यावे लागणार, म्हणून.

एकोणतीस नावे झाली होती. दुपार टळत आली होती, सगळ्यांना घरी जायचे होते. प्रकल्पसाहेब म्हणाले, “दोन तरी मुली हव्यात, एकच आहे.” मग अध्यक्षांनी माझ्याकडे बघितले. “तुमची भाची शाळा बुडवते म्हणे. मोटारसायकलही चालवते.”

शाळा बुडवत होती, खरे आहे. ती कुठे असायची हे माझ्याइतके कोणालाच माहीत नव्हते. ती माझ्या दुकानात असायची. माझ्या शेजारी स्टुलावर बसून स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत तांब्याची तार भरायची. सोळाव्या वर्षी तिची कॉइल माझ्यापेक्षा सुबक बसत होती. मोटारसायकल चालवायची ती माझी, सामान आणायला, माझ्याच सांगण्यावरून.

एवढे मी तिथे बोलायला हवे होते. मी म्हणालो, “लिहा. नावाचं काय एवढं, केंद्रात नाश्ता तरी मिळेल पोरीला.” साहेबांकडे पेन नव्हते म्हणून माझेच पेन सगळ्यांत फिरत होते. ते नाव मी त्याच पेनाने, स्वतःच्या अक्षरात लिहिले. क्रमांक तीस.

तीन वर्षांपूर्वी पाणीपुरवठा कार्यालयात पंपचालकाची जागा निघाली. भाचीने परीक्षा दिली आणि पहिली आली. कामाची परीक्षा होती, जळकी मोटार उघडून दोष सांगायचा होता. तिने उघडण्याआधीच वासावरून सांगितला. फक्त गावातल्या संस्थेचे वर्तणुकीचे पत्र हवे होते. केंद्राने ते अगदी उत्साहाने, बंद पाकिटात दिले. तिने ते न उघडता नेऊन दिले. पत्रात लिहिले होते : “सदर युवती आमच्या यादीतील लाभार्थी क्रमांक तीस असून केंद्राच्या अथक प्रयत्नांमुळे गुन्हेगारी प्रवृत्तीपासून पूर्णतः परावृत्त झाली आहे. तिच्यापासून यापुढे कोणताही धोका संभवत नाही.” त्यांना वाटले, आपण पोरीचे कल्याण केले. अध्यक्षांनी मला त्या पत्राची नक्कल कौतुकाने दाखवली होती.

जागा दुसऱ्याला गेली. भाची दुकानात आली, कार्यालयाने परत दिलेले पाकीट टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “मामा, मी काय केलं होतं रे?”

मी मान वर केली नाही. बेअरिंग उपसत होतो. म्हणालो, “जाऊ दे. कोणीतरी लिहिलं असेल.”

“मास्तरांनीच,” ती म्हणाली. “माझी गैरहजेरी तेच लिहायचे.”

मी तेव्हाही बोललो नाही. त्या दिवसापासून ती मास्तरांना रस्त्यात बघून वाट बदलते. मास्तरांना कारण माहीत आहे. मूळ कागद त्यांनी नंतर पाहिला होता आणि माझे अक्षर ते ओळखतात. त्यांनी तिला कधी सांगितले नाही आणि मला कधी विचारले नाही. अध्यक्षांचा मला तिरस्कार वाटतो, प्रकल्पसाहेबांची कीव येते, पण स्वतःसाठी शब्द शोधायला गेलो की यापेक्षा खालचा लागतो. त्यांनी परक्याची पोरे लिहिली. मी घरची लिहिली.

कलम सहावे. पंपदुरुस्तीचे दुकान, मागच्या दोन खोल्या, वाइंडिंगचे यंत्र, बेअरिंग उपसायचे तीनही पुलर, वाइंडिंग तपासायचा मेगर, वार्निशची भट्टी आणि मोटारसायकल, सर्व माझ्या स्वकष्टाचे, माझ्या भाचीला देत आहे. गेली तीन वर्षे माझे हात थरथरतात. दुकानातून बाहेर गेलेली प्रत्येक मोटार तिने बांधलेली आहे आणि पावतीवर सही माझी आहे. हीही चोरीच होती. पाटीवरचे माझे नाव पुसून तिने स्वतःचे लिहावे. सिमेंटचे नको, रंगाचे पुरे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मास्तरांनी करावी. ते लाभार्थी नाहीत आणि भित्रे नाहीत. त्यांनी भाचीला दुकानात बोलवावे, आधी पाचवे कलम पूर्ण वाचून दाखवावे आणि मगच किल्ल्या द्याव्यात. हा क्रम बदलू नये. लॅमिनेट केलेली यादी मी केंद्राच्या दारावरून काढून आणली आहे आणि माझ्या अक्षरातले तिसावे नाव असलेला मूळ कागदही समितीच्या फायलीतून आणला आहे. दोन्ही मधल्या खणात आहेत. तिने त्यांचे काय करायचे ते करावे.

या कलमाच्या पहिल्याच वाक्यात मी आणखी एक अट घातली होती. आज सकाळी साक्षीला बसण्यापूर्वी मास्तरांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

“हे खोडा,” ते म्हणाले.

“का?”

“तुम्ही तिला दुकान देताय की तिच्याकडून काही घेताय?”

“मास्तर, तेवढं तरी...”

“तेवढं तुम्ही तिला जिवंतपणी विचारायला हवं होतं. अजून विचारता येईल. ती बाहेरच काम करतेय.”

बाहेरून यंत्राचा आवाज येत होता. मी उठलो नाही. खोडले.

वरील सर्व मी वाचले आहे, ते खरे आहे आणि मला समजून लिहिलेले आहे.

लिहून ठेवणार : (सही) मोटारवाला

साक्षीदार पहिला : (सही) शाळेचे निवृत्त मास्तर. वाचून, समजून, नऊ वर्षे उशिरा.

साक्षीदार दुसरी : (सही) दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. लिहून ठेवणार शुद्धीवर आहेत, नाडी जलद आहे.

ठिकाण : दुकानामागची खोली. दिनांक : नऊ मार्च, सकाळी साडेअकरा.

खाडाखोडीची नोंद : कलम सहावे, पहिल्या वाक्यात ‘माझ्या भाचीला’ या शब्दांपुढे असलेले ‘तिने मला माफ केल्यास’ हे चार शब्द माझ्या हाताने, दोन्ही साक्षीदारांसमोर खोडले आहेत. दुसरीकडे कुठेही खाडाखोड नाही. (सही)